झोटेरोत मराठी प्रबंधाचे संदर्भ: पहिल्या नोंदीपासून छपाईच्या प्रतीपर्यंत

संदर्भसूचीत नाव उलटंपालटं झालं, वर्ष गायब झालं किंवा मराठी सूचीत 'एट अल.' (म्हणजे 'व इतर') असं इंग्रजी शेपूट उगवलं, की बोल सॉफ्टवेअरला लावला जातो. चूक मात्र बहुतेक वेळा सहा महिने आधी झालेली असते, पुस्तकाची नोंद घाईघाईत साठवली त्या दिवशी. म्हणून या लेखात वर्डपेक्षा नोंदीवर जास्त जागा खर्च केली आहे.

उदाहरणासाठी झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी साठवून त्यांची सूची तयार करणारं सॉफ्टवेअर घेतलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली ते सुरू झालं. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. याच कामाचं एंडनोट विकत घ्यावं लागतं. मेंडले मोफत असलं तरी एल्सेव्हिअर कंपनीच्या मालकीचं आहे. विभागात सगळेच मेंडले वापरत असतील तर तेच वापरा. देवनागरी नोंदींबद्दल पुढे जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

उभारणी: अर्ध्या तासाचं काम

झोटेरोच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी घ्यायच्या: संगणकावरचं मुख्य ॲप आणि ब्राउझरमध्ये बसणारं 'कनेक्टर'. नुसतं कनेक्टर घेऊन भागत नाही. पान साठवताना मुख्य ॲप उघडं ठेवा. मग संकेतस्थळावर खातं काढा आणि सेटिंग्जमधल्या 'सिंक'मध्ये ते जोडा.

इथेच एक निर्णय घ्यायचा असतो. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही, पण पीडीएफ फाइलींना मोफत जागा ३०० एमबी एवढीच मिळते. जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ सहज पन्नास-शंभर एमबीची असते, म्हणजे तीन ते सहा पुस्तकांत जागा संपली. त्यामुळे फाइलींचा सिंक सुरुवातीलाच बंद करा, नोंदींचा चालू ठेवा. फाइली संगणकावर राहतात आणि घरच्या व ग्रंथालयातल्या संगणकांवर नोंदी मात्र सारख्या दिसतात.

जागा वाचवायला काही जण झोटेरोचं डेटा फोल्डरच ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हमध्ये हलवतात. हे अजिबात करू नका. त्या फोल्डरमध्ये एक डेटाबेस फाइल असते. झोटेरो तिच्यात लिहीत असतानाच ड्राइव्ह तिची अर्धवट प्रत उचलतो आणि सगळा संग्रह बिघडू शकतो. बॅकअप घ्यायचा तर झोटेरो बंद करा, फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आठवड्यातून एकदा पुरे.

नोंद कशी करावी

इंग्रजी शोधनिबंधाचं काम सोपं आहे. प्रकाशकाच्या किंवा जेस्टोर या ऑनलाइन नियतकालिक-संग्रहाच्या पानावर जा, कनेक्टरचं बटण दाबा, झालं. गूगल स्कॉलरच्या यादीतून थेट साठवू नका. तिथून येणाऱ्या नोंदीत डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) नसतो, नियतकालिकाचं नाव कधी तोडलेलं असतं, लेखकाची फक्त आद्याक्षरं असतात. एक क्लिक जास्त करून मूळ पानावर गेलात तर नंतरची दुरुस्ती वाचते. इंग्रजी शीर्षक सर्व शब्दांची मोठी आद्याक्षरं घेऊन आलं असेल, तर शीर्षकावर उजवी क्लिक करून 'सेंटेन्स केस' करून ठेवा. पुढे एखाद्या शैलीला (संदर्भ छापण्याच्या ठरलेल्या पद्धतीला) मोठी आद्याक्षरं हवी असली तर झोटेरो ती स्वतः करतो, उलट मात्र करत नाही.

खरी गंमत मराठी पुस्तकापाशी सुरू होते. वरच्या पट्टीवरच्या जादूच्या कांडीत आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला तर पुष्कळदा नोंद येते, पण ती परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतून येत असल्यामुळे रोमन लिपीत असते, डोक्यावर आडव्या रेघा आणि पोटाखाली टिंबं असलेल्या अक्षरांत. पीडीएफ ओढून टाकली तर झोटेरो तिची माहिती शोधू पाहतो, आणि स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकाच्या बाबतीत जवळपास नेहमीच रिकाम्या हाताने परततो. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत जुळवलेली पीडीएफ असेल तर शीर्षक कॉपी करून चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते, कारण त्या फाइलीत मुळात युनिकोड मराठी नसतंच. तात्पर्य, मराठी पुस्तकाची नोंद हाताने करायची, तीही मुखपृष्ठ न बघता आतलं शीर्षकपान समोर ठेवून. एका नोंदीला तीनचार मिनिटं लागतात.

एक नोंद जवळून पाहू. पुस्तक आहे इरावती कर्वे यांचं 'युगान्त', पहिली आवृत्ती १९६७. नोंदीचा प्रकार 'बुक' निवडला की रकाने उघडतात.

लेखकाच्या रकान्याला दोन कप्पे असतात: पहिल्यात आडनाव 'कर्वे', दुसऱ्यात नाव 'इरावती'. 'डॉ.', 'प्रा.', 'न्या.' काहीही लिहायचं नाही. लिहिलंत तर ते नावाचाच भाग समजलं जातं आणि सूचीत तसंच छापलं जातं. केशवसुत, बालकवी, ग्रेस, ज्ञानेश्वर यांना आडनाव-नाव अशी फोड नसते; रकान्याच्या उजवीकडचं छोटं चिन्ह दाबून त्यांच्यासाठी एकच कप्पा करा. संस्थांनाही तेच. नाहीतर सूचीत 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' असा अवतार दिसतो. संपादक आणि अनुवादक यांना 'ऑथर' लिहू नका. त्याच शब्दावर क्लिक केलं की भूमिका बदलता येते.

आता नावातली सगळ्यात फसवी गोष्ट. एका नोंदीत 'कर्वे, इरावती', दुसरीत 'कर्वे, इ.', तिसरीत 'कर्वे, इरावती दिनकर' असं लिहिलं, तर झोटेरोच्या लेखी त्या तीन वेगळ्या बाई आहेत. एपीएसारख्या लेखक-वर्ष शैलीत (कंसात आडनाव आणि वर्ष देणाऱ्या) एकाच आडनावाचे दोन लेखक असले की ओळख पटावी म्हणून कंसात नाव किंवा त्याची आद्याक्षरंही छापायचा नियम आहे. मग मजकुरात अचानक '(कर्वे, १९६७)' ऐवजी '(इरावती कर्वे, १९६७)' उमटतं आणि माणूस तासभर सेटिंग्ज धुंडाळत बसतो. बिघाड सेटिंगमध्ये नसतोच. लेखकाच्या स्तंभावर क्लिक करून यादी नावानुसार लावा, वेगळी रूपं शोधा, सगळीकडे एकच रूप करा आणि वर्डमध्ये 'रिफ्रेश' दाबा. त्यांचंच १९५३चं इंग्रजी पुस्तक रोमन लिपीत नोंदलं तर ते अर्थातच स्वतंत्र लेखकाखाली जातं. ते तसंच राहू द्या, मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या असतात तिथे तेच हवं असतं.

वर्ष इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी आकडे लिहिले तर ते साठवले जातात, पण झोटेरोला त्यात वर्ष दिसत नाही. खूण सोपी आहे: तारखेच्या रकान्याशेजारी वर्ष-महिना-दिवस दाखवणारी बारीक इंग्रजी अक्षरं उमटतात, ती उमटली नाहीत तर वर्ष ओळखलं गेलेलं नाही आणि कालानुक्रम बिघडणार. अंतिम प्रतीत देवनागरी आकडे हवे असतील तर त्याची सोय शेवटी आहे.

जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळातलं प्रकाशन असेल तर ७९. शके १८४६ म्हणजे १९२४-२५. महिना माहीत नसेल तर ७८ धरून वर्ष लिहा आणि मूळ शके 'एक्स्ट्रा' रकान्यात नोंदवून ठेवा, मौखिकीत कोणी विचारलंच तर हाताशी असतं. पुनर्मुद्रण वापरत असाल तर तारखेत तुमच्या हातातल्या प्रतीचं वर्ष द्या, कारण पृष्ठांक तिचे आहेत. पहिल्या आवृत्तीचं वर्ष 'एक्स्ट्रा'मध्ये 'ओरिजिनल डेट' असं इंग्रजीत लिहून, अपूर्णविराम देऊन लिहिलं की एपीए शैली ते उचलते.

शीर्षकाचं लेखन पुस्तकावर जसं आहे तसंच. 'युगान्त' आणि 'युगांत' हे शोधपेटीला दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात आणि दुबार नोंदींच्या यादीतही त्या सापडत नाहीत. 'ॲ' हे अक्षर तर डोळ्यांना एकच दिसूनही कळफलकानुसार दोन तऱ्हांनी साठवलं जातं: एक अखंड अक्षर म्हणून, आणि दुसरं 'अ'वर चंद्र चढवून. मोबाइलवर केलेली नोंद संगणकावर शोधून सापडत नाही याचं कारण पुष्कळदा हेच असतं. सगळ्या नोंदी एकाच कळफलकावरून करा, वाद मिटतो.

'लँग्वेज' रकाना रिकामा सोडायची सवय आहे, सोडू नका. मराठीसाठी 'एमआर' ही दोन इंग्रजी अक्षरं टाका. यावरून 'सेव्ह्ड सर्च' करून मराठी नोंदी एका क्लिकवर वेगळ्या काढता येतात.

बाकी साहित्यप्रकारांचं थोडक्यात. दिवाळी अंकातला लेख 'मॅगझिन आर्टिकल' म्हणून, अंकाच्या रकान्यात 'दिवाळी'. मराठी विश्वकोशातली नोंद 'एन्सायक्लोपीडिया आर्टिकल' म्हणून, नोंदीचा लेखक लेखकाच्या जागी आणि खंडाचा संपादक संपादकाच्या. शासन निर्णयाला स्वतंत्र प्रकार नाही. 'रिपोर्ट' निवडा, प्रकारात 'शासन निर्णय', संस्थेत विभागासह महाराष्ट्र शासन, क्रमांकात शासन निर्णयाचा क्रमांक, आणि संकेतांक 'एक्स्ट्रा'त. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातला प्रबंध 'थीसिस' म्हणून. तिथे प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफ असतात, म्हणून एकच नोंद करून सगळ्या फाइली तिला जोडा. कनेक्टरने प्रत्येक पीडीएफ वेगळी साठवलीत तर एका प्रबंधाच्या दहा नोंदी होतील. पत्ता म्हणून १०६०३ या आकड्याने सुरू होणारा हँडल (कायमचा पत्ता) द्या, ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता नको. पेशवे दफ्तरातला कागद 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणून, 'अर्काइव्ह'मध्ये अभिलेखागाराचं नाव आणि 'लोकेशन इन अर्काइव्ह'मध्ये रुमाल व पुडक्याचा क्रमांक.

दहा नोंदींची चाचणी

शंभर नोंदी भरून झाल्यावर शैली तपासणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया बघणं. दहा नोंदी झाल्या की थांबा. त्यात एक मराठी पुस्तक, एक अनुवाद, दोन लेखकांचं एक पुस्तक, चार लेखकांचा लेख, एक संस्था, एक शासन निर्णय आणि दोन इंग्रजी लेख असू द्या. कोऱ्या वर्ड फाइलीत दहाही उद्धृत करा, सूची काढा आणि विद्यापीठाच्या नमुन्याशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

या चाचणीत दोन गोष्टी मुद्दाम बघायच्या. पहिली, देवनागरीतलं आडनाव आणि नाव यांच्यातला स्वल्पविराम. या शैली लॅटिन लिपीच्या नावांसाठी रचलेल्या आहेत. 'कर्वेइरावती' असं चिकटलेलं रूप दिसलं तर लेखकाला एकच कप्पा करून त्यात 'कर्वे, इरावती' असं स्वतःच लिहा. तळटिपांच्या शैलीत एवढ्याने भागतं. लेखक-वर्ष शैलीत मात्र कंसातही पूर्ण नाव येईल, तेव्हा उद्धरणात 'ऑमिट ऑथर' निवडा आणि नाव वाक्यात घ्या: 'कर्वे (१९६७) यांच्या मते'. मराठी वाक्याला ही रचना तशीही जास्त मानवते.

दुसरी, शैलीने स्वतःहून घातलेले शब्द. हे शब्द तुमच्या नोंदीत नसतात, शैलीच्या फाइलीत असतात, त्यामुळे नोंद कितीही दुरुस्त केली तरी ते जात नाहीत.

शैली मराठीत आणणे

संगणकाची फार माहिती नसलेल्यालाही हे तासाभरात जमतं. झोटेरोच्या शैली-भांडारातून हवी ती शैली फाइल म्हणून उतरवून घ्या आणि नोटपॅडमध्ये उघडा. आधी वरच्या भागातलं शीर्षक आणि 'आयडी' बदला. हे विसरलात तर झोटेरो पुढच्या अद्ययावतीकरणात मूळ शैली तुमच्या फाइलीवर लिहून टाकेल आणि सगळी मेहनत एका रात्रीत पाण्यात जाईल.

मग 'लोकेल' नावाचा, भाषेनुसार शब्द ठरवणारा भाग शोधा. नसेल तर 'इन्फो' भाग संपतो त्याच्या लगेच खाली तयार करा. त्यात एकेका शब्दासाठी एकेक 'टर्म' लिहायची. 'अँड'साठी 'आणि', 'एट-अल'साठी 'व इतर', 'एडिटर'च्या लघुरूपाला 'संपा.', 'ट्रान्सलेटर'ला 'अनु.', 'एडिशन'ला 'आवृत्ती', 'पेज'च्या लघुरूपाला 'पृ.', आणि 'इबिड'साठी (लगेच आधीचाच संदर्भ पुन्हा आला की छापला जाणारा शब्द) आपला 'तत्रैव'. 'पेज' आणि 'एडिटर' यांना एकवचन व अनेकवचन अशा दोन नोंदी लागतात, 'पेज'च्या दोन्हींत 'पृ.' आणि 'एडिटर'च्या दोन्हींत 'संपा.' लिहायचं, एक गाळू नका. एक सावधगिरी: लोकेलवर जी भाषा लिहिली असेल तीच भाषा वर्डमध्ये दस्तऐवजासाठी निवडलेली हवी. तिथे इंग्रजी आणि इथे मराठी असं झालं तर बदल लागूच होत नाहीत आणि फाइल बिघडली असं वाटत राहतं.

फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) मध्ये साठवा, सेटिंग्जमधल्या 'साइट' या विभागात (उद्धरणाचा तो, वेबसाइटचा नव्हे) अधिक चिन्हावरून आत घ्या, आणि दहा नोंदींची चाचणी पुन्हा करा. मिश्र सूचीचा प्रश्न मात्र राहतो: इंग्रजी पुस्तकापुढेही आता 'संपा.' येईल. त्यावर उपाय शेवटच्या टप्प्यात हाताने करायचा, शैलीत नाही.

वर्डमधलं काम

अधिकृत प्लगइन वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स यांच्यासाठीच आहे. वर्डमध्ये झोटेरोचा टॅब दिसत नसेल तर वर्ड बंद करून झोटेरोच्या 'साइट' विभागातून प्लगइन पुन्हा बसवा.

मराठी विभागांत प्रकरणाच्या शेवटी टिपा देण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्यासाठी शिकागोची तळटिपांची शैली घ्या, दस्तऐवजाच्या पसंतीत 'फूटनोट्स'ऐवजी 'एंडनोट्स' निवडा, प्रत्येक प्रकरणाअखेर वर्डचा 'सेक्शन ब्रेक' द्या आणि एंडनोटचं स्थान 'सेक्शनच्या शेवटी' ठेवून क्रमांक दर सेक्शनला नव्याने सुरू करा. 'तत्रैव' हवं असेल तर शिकागोचा 'इबिड'वाला प्रकार बघून घ्या.

उद्धरण टाकताना पट्टीत लेखकाचं नाव टंकून नोंद निवडा, मग त्या निळसर गोळीवर क्लिक करून पृष्ठांक द्या. 'पाहा', 'उद्धृत' असे शब्द तिथल्याच 'प्रीफिक्स'मध्ये. मजकुरात उमटलेलं उद्धरण थेट हाताने खोडू नका. खोडलंत तर पुढच्या वेळी झोटेरो विचारतो, 'हा बदल ठेवू का?', आणि 'हो' म्हटलं की ते उद्धरण गोठतं. नोंदीत नंतर केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मार्गदर्शकांकडे फाइल पाठवताना. वर्डची फाइल गूगल डॉक्समध्ये उघडून, दुरुस्त करून पुन्हा वर्डमध्ये आली की उद्धरणांचे दुवे तुटतात आणि उरतो नुसता मजकूर. त्यांच्याकडे वेगळी प्रत पाठवा, शेरे बघून मूळ फाइलीत तुम्ही बदल करा. दोन्हींत खरोखरच काम करायचं असेल तर दस्तऐवजाच्या पसंतीतला 'स्विच टू अ डिफरंट वर्ड प्रोसेसर' हा मार्ग आधी वापरावा लागतो.

दोनशे पानांच्या पुढे वर्ड अडखळायला लागतं. पसंतीमधलं 'ऑटोमॅटिकली अपडेट सायटेशन्स' बंद करा आणि दिवसाअखेर एकदाच 'रिफ्रेश' दाबा. प्रकरणं वेगळ्या फाइलींत असतील तर सगळीकडे एकच शैली ठेवा. शेवटी एकत्र चिकटवून रिफ्रेश केलं की 'तत्रैव' आणि एकाच वर्षातल्या पुस्तकांची क्रमाक्षरं जागेवर येतात. दुबार नोंद सापडली तर दोघींना 'मर्ज' करा. एक पुसून टाकलीत आणि नेमकी तीच मजकुरात वापरलेली असली, तर दुवा तुटतो.

सूचीचा फॉन्ट ओळीओळीने बदलू नका, पुढच्या रिफ्रेशला सगळं पूर्ववत होतं. वर्डमधली 'बिब्लिओग्राफी' ही स्टाइल बदला. देवनागरीसाठी फॉन्टच्या चौकटीतला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा वेगळा रकाना असतो. फक्त वरचा बदललात तर इंग्रजी अक्षरं बारा पॉइंटची होतात आणि मराठी होती तशीच राहतात.

शेवटची प्रत

सगळे शेरे संपले की फाइलीची प्रत काढा, तिला वेगळं नाव द्या आणि त्या प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' दाबा. मूळ फाइलीत हे कधीही करू नका, परतीची वाट नाही. दुवे सुटल्यावर हाताची कामं करायची. सूचीत लिपीप्रमाणे मराठी आणि इंग्रजी नोंदींचे गट आपोआप वेगळे पडलेले असतात, त्यामुळे दोन सूची करायला एकदाच कापून चिकटवावं लागतं. इंग्रजी गटात घुसलेले 'संपा.' आणि 'आणि' तिथेच बदला.

आकडे देवनागरी हवे असतील तर फक्त मराठी गट निवडून 'फाइंड अँड रिप्लेस'ने शून्यापासून नवापर्यंत दहा वेळा बदल करा. मराठी नोंदीतही वेबपत्ता, हँडल आणि डीओआय यांतले आकडे इंग्रजीच राहिले पाहिजेत, नाहीतर दुवा उघडत नाही. ते पत्ते आधी कापून दुसऱ्या फाइलीत ठेवायचे आणि बदल झाल्यावर जागच्या जागी परत आणायचे.